अमेरिकेतलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज कसं निवडावं: भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांच्या वेबसाइट पाहायला बसलं की तासाभरात सगळी कॉलेजं सारखीच दिसायला लागतात. लाल विटांच्या इमारती, पानगळीतली झाडं, झाडाखाली प्राध्यापकांभोवती बसलेली आठ मुलं. मग क्रमवारीची यादी उघडली जाते आणि पहिली दहा नावं वहीत उतरवली जातात. माझं म्हणणं असं की निवड इथेच चुकायला लागते. ही कॉलेजं एकमेकांपासून फार वेगळी असतात, पण तो फरक क्रमवारीत दिसत नाही. तो दिसतो आर्थिक मदतीच्या आकड्यांत, दर सत्राच्या वेळापत्रकात आणि कॉलेजच्या ताळेबंदात. हे तिन्ही कागद सगळ्यांना पाहता येतात. फक्त ते वाचायचे कसे हे माहीत हवं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: ही चार वर्षांची निवासी कॉलेजं असतात. विद्यार्थी साधारण दीड ते अडीच हजार, आणि जवळजवळ सगळे पदवीचेच. पीएचडी करणारे विद्यार्थी नसल्यामुळे शिकवणारे खरे प्राध्यापक असतात आणि प्रयोगशाळेतलं कामही पदवीच्या मुलांनाच मिळतं. 'आर्ट्स' या शब्दावरून घरात गैरसमज होतो. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र हे सगळं इथे शिकवतात. रीड, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल या कॉलेजांचे पदवीधर पुढे पीएचडी करण्याचं प्रमाण अमेरिकेत सर्वांत जास्त असणाऱ्यांपैकी आहे. नातेवाईक 'हे नाव कधी ऐकलं नाही' म्हणतील, त्याने बिचकू नका. विल्यम्स कॉलेजचा संबंध तर महाराष्ट्राशी दोनशे वर्षांहून जुना आहे: १८०८ साली तिथून पदवी घेतलेला मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं.

पहिला टप्पा: यादीच्या आधी पैशाचा आकडा

या कॉलेजांचा वर्षाचा पूर्ण खर्च, म्हणजे शिकवणी, राहणं, जेवण, विमा आणि बाकीचं धरून, बहुतेक नामवंत ठिकाणी ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात जातो. रुपयांत वर्षाला पाऊण कोटीच्या आसपास. म्हणून पहिलं काम कॉलेज शोधण्याचं नाही. आई-वडिलांनी एकत्र बसून, दागिने मोडण्याचा किंवा जमीन विकण्याचा विचार बाजूला ठेवून, 'दरवर्षी आपण खरोखर इतके देऊ शकतो' असा एक आकडा कागदावर लिहावा. तो पाच लाख असेल, वीस लाख असेल, चाळीस असेल. मुलालाही तो सांगावा. पुढची सगळी यादी या आकड्यावर ठरते.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत कॉलेजांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिल्या गटातली कॉलेजं प्रवेश देताना तुमची ऐपत पाहतच नाहीत आणि प्रवेश दिला की गरजेइतकी पूर्ण मदत करतात. याला 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. परदेशी विद्यार्थ्यांना असं धोरण लावणारी लिबरल आर्ट्स कॉलेजं मोजकीच आहेत: ॲमहर्स्ट, बोडन, वॉशिंग्टन अँड ली. इथे प्रवेश मिळणंच अतिशय अवघड असतं.

दुसरा गट 'नीड-अवेअर' कॉलेजांचा, आणि बहुतेक भारतीय कुटुंबांसाठी खरा खेळ इथेच आहे. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, कार्लटन, व्हासर, स्मिथ, माउंट होल्योक, कोल्बी अशी अनेक नावं यात येतात. तुम्हाला किती मदत लागेल हे निवड करताना विचारात घेतलं जातं; पण एकदा निवडलं की दाखवलेली पूर्ण गरज भागवली जाते. विल्यम्सने तर २०२२ पासून मदतीतून कर्ज काढूनच टाकलं, सगळी मदत अनुदानाच्या रूपात मिळते. मात्र 'गरज' किती हे कॉलेज ठरवतं, तुम्ही नाही. तुमच्या हिशेबाने दहा लाख झेपत असतील आणि कॉलेजच्या हिशेबाने अठरा, तर त्यांचा आकडा चालतो.

तिसऱ्या गटातली कॉलेजं गुणवत्तेवर ठरावीक रकमेची शिष्यवृत्ती देतात, पण पूर्ण गरज भागवण्याचं वचन देत नाहीत. वूस्टर, नॉक्स, बेलॉइट, लॉरेन्स ही यातली चांगली नावं. ज्यांची ऐपत मध्यम आहे, म्हणजे वर्षाला पंचवीस-तीस लाख उभे राहू शकतात, त्यांनी हा गट मुळीच कमी लेखू नये. केंटकीतलं बेरिया या तिन्ही गटांच्या बाहेरचं: तिथे शिकवणीचं शुल्कच नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला कॉलेजमध्ये काम करावं लागतं.

मुळशीजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज या अकरावी-बारावीच्या निवासी शाळेत शिकणाऱ्यांचा मार्ग थोडा वेगळा आहे. २००० साली कोल्बी, मिडलबरी, वेलस्ली, कॉलेज ऑफ द अटलांटिक आणि प्रिन्स्टन या पाच संस्थांपासून सुरू झालेली डेव्हिस शिष्यवृत्ती त्यांना लागू होते, आणि आज ती घेणाऱ्या कॉलेजांची संख्या बरीच वाढली आहे. त्यांनी आधी ती यादी पाहावी.

दुसरा टप्पा: कॉमन डेटा सेट उघडा, थेट 'एच ६'वर जा

बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा ठरावीक साच्यातला दस्तऐवज प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधयंत्रात टाकले की पीडीएफ मिळतो. चाळीस-पन्नास पानं पाहून घाबरू नका, तुम्हाला मोजक्या जागा पाहायच्या आहेत.

'एच ६' या नोंदीत परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कॉलेजने मदत दिली, सरासरी किती दिली आणि एकूण किती, हे तीन आकडे असतात. 'बी २'मध्ये एकूण परदेशी विद्यार्थी किती ते कळतं. समजा एका कॉलेजात २०० परदेशी विद्यार्थी आहेत, त्यातल्या १५० जणांना मदत मिळते आणि सरासरी ६८ हजार डॉलर आहे. तर हे कॉलेज आपल्यासारख्यांना खरोखर घेतं. दुसऱ्या कॉलेजात १८० पैकी ३० जणांनाच मदत असेल, तर माहितीपत्रकात 'आम्ही पूर्ण गरज भागवतो' हे वाक्य कितीही ठळक छापलेलं असो, ते बहुतेक जागा पूर्ण फी भरणाऱ्यांना देतात. वाक्य खोटं नसतं. तुमच्या कामाचं नसतं, इतकंच. कॉलेजांच्या वेबसाइटवर घालवलेल्या एका अख्ख्या आठवड्यापेक्षा या तीन आकड्यांतून जास्त कळतं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच दस्तऐवजात 'सी ७' पाहा: निवडीत कशाला किती महत्त्व ते तिथे लिहिलेलं असतं. 'बी २२'मध्ये पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली ते दिसतं. नव्वद टक्क्यांच्या बराच खाली आकडा असेल तर कारण शोधा. 'आय ३'मध्ये वर्ग किती मुलांचे आहेत तेही आहे.

बहुतेक कॉलेजांच्या वेबसाइटवरचं खर्चाचं कॅल्क्युलेटर अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेलं असतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं दिलेलं नसेल तर त्याच्या उत्तरावर विसंबू नका.

तिसरा टप्पा: तुमचा विषय तिथे खरंच आहे का?

छोट्या कॉलेजचा मोठा धोका म्हणजे छोटा विभाग. पाच प्राध्यापकांच्या विभागातले दोघं एकाच वर्षी सब्बॅटिकलवर, म्हणजे संशोधनासाठीच्या लांब रजेवर, गेले तर वरच्या पातळीचा विषय त्या वर्षी शिकवलाच जात नाही. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये मात्र तो दिमाखात छापलेला असतो. म्हणून कॅटलॉग बाजूला ठेवा आणि गेल्या दोन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रकं काढा. बहुतेक ठिकाणी रजिस्ट्रारच्या पानावर ती खुली असतात. तुमच्या विषयात तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे किती विषय खरोखर शिकवले गेले ते मोजा. 'एक वर्षाआड' अशी टीप असलेल्यांवर खूण करा. बारावीतच ज्याची गणितात चांगली गती आहे तो मुलगा दुसऱ्या वर्षी सगळं संपवून मोकळा बसेल का, हे इथेच कळतं. संगणकशास्त्राबद्दल आणखी एक गोष्ट विचारा: जागा मागणीपेक्षा कमी म्हणून लॉटरी लागते का? काही कॉलेजांत लागते.

विभाग छोटा असला तरी शेजारची कॉलेजं मदतीला येऊ शकतात. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्ट, स्मिथ आणि माउंट होल्योकची मुलं एकमेकांकडे आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातही विषय घेतात. कॅलिफोर्नियात पोमोना, हार्वी मड, क्लेअरमाँट मॅकेना, स्क्रिप्स आणि पिट्झर अगदी एकमेकांना लागून आहेत. स्वार्थमोर, हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर यांचा असाच गट फिलाडेल्फियाजवळ आहे. कागदावर हे सगळं सारखं वाटतं, पण चालत पाच मिनिटं आणि बसने अर्धा तास यात फार फरक पडतो. तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा की त्यांनी प्रत्यक्षात किती विषय बाहेर घेतले.

शिकवण्याच्या पद्धतीतही जमीन-अस्मानाचा फरक असतो. ॲमहर्स्ट आणि ग्रिनेलमध्ये सक्तीचे विषय जवळजवळ नाहीत. कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे. कार्लटनमध्ये दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रं. विल्यम्सच्या ट्युटोरिअलमध्ये दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, दर आठवड्याला समोरासमोर. रीडमध्ये शेवटच्या वर्षी प्रबंध सक्तीचा, वूस्टरमध्ये स्वतंत्र संशोधन सक्तीचं. स्वार्थमोरच्या ऑनर्सची परीक्षा बाहेरचे परीक्षक घेतात. आपल्याकडून बोर्डाच्या परीक्षेची सवय घेऊन जाणाऱ्या मुलाने हे नीट वाचावं; कुठली पद्धत आपल्याला झेपेल आणि आवडेल याचं उत्तर त्याचं त्यालाच देता येईल.

इंजिनिअरिंग हवं असेल तर स्वार्थमोर, स्मिथ, हार्वी मड, लाफायेट, युनियन इथे ते कॉलेजातच आहे. तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात, अशी '३-२' योजना अनेक कॉलेजं पुढे करतात. शेवटच्या दोन वर्षांची आर्थिक मदत परदेशी विद्यार्थ्याला मिळेल का, हे लेखी उत्तर आल्याशिवाय त्या योजनेवर भिस्त ठेवू नका.

पदवीनंतरच्या कामाचा परवाना इथेच तपासून घ्या. सध्याच्या नियमांनुसार एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, आणि पदवी सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान यादीत असेल तर आणखी २४ महिने. अर्थशास्त्रात हे केवळ अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गीकरणाच्या क्रमांकावर ठरतं: ४५.०६०३ या क्रमांकाखाली नोंदवलेली अर्थशास्त्राची पदवी त्या यादीत बसते, ४५.०६०१ बसत नाही. वर्गात शिकवलेलं जवळपास तेच, आणि फरक दोन वर्षांच्या नोकरीचा. कॉलेजला ईमेल करून क्रमांक विचारा.

चौथा टप्पा: कॉलेज आणखी दहा वर्षं टिकेल का?

हा प्रश्न आपल्याकडे कुणाला सुचत नाही, पण विचारायलाच हवा. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ सालचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सत्र संपताच बंद होत असल्याचं जाहीर केलं. परदेशी विद्यार्थ्याला अशा वेळी काही आठवड्यांत दुसरं कॉलेज, नवी मदत आणि व्हिसाची बदली हे सगळं पाहावं लागतं.

वर नावं घेतलेल्या श्रीमंत कॉलेजांबाबत ही काळजी नको, त्यातल्या बऱ्याच कॉलेजांकडे अब्ज डॉलर किंवा त्याहून जास्त कायम निधी आहे. पण कमी नावाच्या कॉलेजने अचानक मोठी शिष्यवृत्ती देऊ केली तर तीन गोष्टी पाहा: गेल्या पाच वर्षांत पहिल्या वर्षाला येणाऱ्यांची संख्या घसरते आहे का, निधी दर विद्यार्थ्यामागे किती येतो, आणि अलीकडे विभाग बंद केले आहेत का. पहिला आकडा जुन्या कॉमन डेटा सेटमधून मिळतो. बाकीचं कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात सापडतं. ही वर्तमानपत्रं जरूर वाचा. वसतिगृहातली गळती, जेवणाबद्दलच्या तक्रारी, प्राध्यापकांची नाराजी असं सगळं त्यांत असतं.

पाचवा टप्पा: जागा, थंडी, जेवण

चार वर्षं कॅम्पसमध्येच राहायचं असतं, म्हणून गाव महत्त्वाचं. ग्रिनेल हे आयोवातलं छोटं गाव, जवळचं मोठं शहर डे मॉइन तासाभरावर. मॅकॅलेस्टर मात्र सेंट पॉल शहरातच. स्वार्थमोर आणि हॅवरफर्डहून लोकल गाडीने फिलाडेल्फियाला जाता येतं. मिनेसोटाची जानेवारी उणे वीसपर्यंत जाते.

शाकाहारी मुलांनी कॉलेजच्या भोजनगृहाचा रोजचा मेनू ऑनलाइन पाहावा, आणि तो ऑक्टोबरचा नाही तर फेब्रुवारीचा. हिवाळ्याच्या सुटीत वसतिगृह उघडं असतं का, तेव्हा जेवणाची सोय काय, त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे प्रवेश कार्यालयाला विचारा. एखाद्या भारतीय विद्यार्थ्याशी बोलायचं आहे असं कळवलं तर ते आनंदाने गाठ घालून देतात. त्या विद्यार्थ्याला 'कॉलेज कसं आहे?' असं विचारलंत तर 'छान आहे' एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा 'मागच्या सत्रात हवा असलेला कुठला विषय मिळाला नाही?' आणि 'पहिल्या उन्हाळ्यात तू काय केलंस, पैसे कुणी दिले?' असं विचारा.

सहावा टप्पा: अर्ज, आणि आपल्याकडची कागदपत्रं

आठ ते बारा कॉलेजं पुरेत. नीड-अवेअर गटातली जास्त, पहिल्या गटातलं एखादं, गुणवत्ता शिष्यवृत्तीची दोन-तीन, आणि भारतातला एक पक्का पर्याय. ग्रिनेल, कार्लटन, कोल्बी यांच्या अर्जाला शुल्क नाही. इतर ठिकाणी सूट मागता येते. कॉमन ॲप, म्हणजे एकाच अर्जावर अनेक कॉलेजांना अर्ज करण्याची वेबसाइट; तिथला अर्ज बारावीच्या वर्षी १ ऑगस्टला उघडतो. लवकरच्या फेरीची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर. म्हणजे फेब्रुवारीतल्या बोर्डाच्या परीक्षेआधी अर्जाचं सगळं काम संपलेलं असतं.

राज्य मंडळाच्या मुलांची खरी अडचण इथे येते. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्या कॉलेजात. चारही वर्षांचे गुण हवेत, म्हणून जुन्या शाळेकडूनही शिक्का मारलेले कागद आधीच घ्या. शिफारसपत्रं ज्युनिअर कॉलेजच्या दोन शिक्षकांची लागतात. क्लासच्या जोरावर कॉलेजला न जाणाऱ्या मुलाला तिथे कुणी ओळखतच नसतं. अर्ज करायचा असेल तर अकरावीपासून वर्गात बसा, प्रश्न विचारा. शिक्षकांना कोरा कागद न देता तुम्ही त्यांच्या वर्गात काय केलंत याची नोंद द्या. नावाचंही पाहा: बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येतं, पासपोर्टवर नाव आणि आडनावाच्या जागा वेगळ्या असतात. सगळे अर्ज पासपोर्टप्रमाणे भरा.

आर्थिक मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा कुटुंबाच्या आर्थिक माहितीचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्यात आयकर विवरणपत्र, फॉर्म १६, बँकेतली शिल्लक, घर, धंदा, शेती सगळं येतं. सामायिक सातबाऱ्यावर वडिलांचं नाव असेल तर अख्खी जमीन त्यांची म्हणून लिहू नका. हिस्सा किती ते लिहा आणि उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. आजी-आजोबांचा औषधोपचार, धाकट्या बहिणीची फी हे विशेष परिस्थितीच्या रकान्यात आकड्यांसह मांडा. एक नियम लाखमोलाचा आहे: प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं ती मागता येणार नाही, असं अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठरलेलं असतं. 'आधी आत तर जाऊ, मग पाहू' असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

अर्ली डिसिजन म्हणजे 'घेतलंत तर येणारच' असं लेखी वचन. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येतं, पण दोन कॉलेजांच्या मदतीची तुलना करण्याची संधी जाते. 'एच ६'चे आकडे भक्कम असतील आणि मुलाचं मन तिथेच असेल, तरच हा मार्ग घ्या.

सातवा टप्पा: हातात आलेली पत्रं तोलणं

मदतीच्या पत्रात मोठा आकडा वर असतो, त्याकडे आधी पाहू नका. पूर्ण खर्चातून फक्त अनुदान वजा करा. कॅम्पसवरच्या कामाचे पैसे त्यात धरलेले असतात, पण ते काम केल्यावर मिळतात, सत्राची फी भरताना नाही. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि खरं तर दहा तासही पुरे होतात. आरोग्य विमा आणि विमानभाडं मदतीत धरलंय का पाहा.

मग चार वर्षांचा हिशेब करा. समजा एका कॉलेजचा खर्च ७८ हजार डॉलर आणि गुणवत्ता शिष्यवृत्ती दरवर्षी ठरलेली ४० हजार. पहिल्या वर्षी ३८ हजार भरायचे, म्हणून चौपट करून १ लाख ५२ हजार वाटतात. पण खर्च दरवर्षी ४ टक्के वाढला आणि शिष्यवृत्ती तेवढीच राहिली, तर चौथ्या वर्षी ४७ हजार ७०० च्या वर भरावे लागतात आणि एकूण १ लाख ७१ हजार होतात. गरजेवरची मदत दरवर्षी नव्याने मोजली जाते, त्यामुळे ती बहुधा खर्चासोबत वाढते. शिष्यवृत्ती टिकवायला किती गुण लागतात तेही विचारा.

करही लक्षात घ्या. शिकवणीपुरतं अनुदान करमुक्त असतं. राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या अनुदानावर एफ-१ विद्यार्थ्याचा १४ टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथली प्रमाणित वजावट मिळते, म्हणून १०४०-एनआर विवरणपत्र भरलं की बहुतेक रक्कम परत येते. पण आधी कापली जाते, तेव्हा पहिल्या वर्षी तेवढे पैसे हाताशी हवेत.

मदत कमी वाटली तर कॉलेजला लिहा. बदललेली परिस्थिती आणि कागद जोडून, सभ्य भाषेत, एक पान. दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडायलाही हरकत नाही. मात्र १ मेच्या आत एकाच कॉलेजला होकार द्या आणि बाकीच्यांना लगेच नकार कळवा. त्यांच्या प्रतीक्षायादीत कुणी तरी थांबलेलं असतं.

होकारानंतर पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवली की आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र, येतं. त्यावर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं शुल्क भरायचं, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरायचा आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. तिथे 'हे कॉलेज का?' असं विचारतील, आणि समोरच्या अधिकाऱ्याने कदाचित त्या कॉलेजचं नाव ऐकलेलंही नसेल. ज्याने वेळापत्रक वाचलं आहे त्याला उत्तर शोधावं लागत नाही: विषय कोणता, तो तिथे कोण शिकवतं, वर्गात किती मुलं, कॉलेज किती देतं आणि आई-वडील किती देतात. दोन-तीन वाक्यांत हे सांगा आणि पुढचा प्रश्न येईपर्यंत थांबा.